पुण्यात नव्याने मैत्रिणी कशा जोडाव्यात? (वय ३८)

धरमपेठवाली
नमस्कार. नागपूर सोडून कोथरूडला आलो त्याला दोनेक वर्षं झाली. नवऱ्याची बदली झाली, माझं काम घरूनच चालतं, मुलगी चौथीत आहे. ओळखी पुष्कळ आहेत. लिफ्टमध्ये हसणाऱ्या आहेत, शाळेच्या ग्रुपवर 'उद्या चित्रकलेची वही न्यायची आहे का?' विचारणाऱ्याही आहेत. पण दुपारी चारला उगाच फोन करून 'काय चाललंय गं?' म्हणावं अशी एकही बाई या शहरात नाही. नागपूरच्या मैत्रिणींशी रोज बोलणं होतं, तरी मध्यंतरी मुलगी तापाने फणफणली, नवरा गावाला गेलेला, आणि औषध घेऊन येईपर्यंत तिच्याजवळ कोणाला बसवावं ते सुचेना. तेव्हा फार एकटं वाटलं.

घरी सगळं छान आहे, तक्रार काहीच नाही. मैत्रीण हवी आहे, एवढंच. क्लास, भिशी, ट्रेक, काहीही सुचवा, पण स्वतः करून पाहिलेलं सुचवा.

रानजाई
वेताळ टेकडी! कोथरूडहून जवळच आहे. सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने जा, म्हणजे रोज तीच माणसं दिसतात. आधी मान हलवतात, मग 'काल दिसला नाहीत?' विचारतात, आणि खाणीपाशी बसून चहाचा थर्मास उघडला की घरच्या गोष्टी निघतात. आमचा पाच जणींचा गट असाच जमला. आठवड्यातून निदान तीन दिवस जायचं. कधी सहा, कधी आठ असं केलंत तर कोणीच भेटणार नाही.

वाचनवेडी
टेकडीला +१. वाचनाची आवड असेल तर पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ पासूनचं. पण खरं सांगते, वाचनालयात मैत्री होत नाही, तिथे सगळे गप्प असतात. मैत्री झाली ती चार-पाच जणींनी मिळून दिवाळी अंक घ्यायचे ठरवले तेव्हा. अंक फिरतो, त्याच्याबरोबर आपलंही एकमेकींच्या घरी जाणं-येणं होतं.

ताशेवाली
ढोल-ताशा पथकात ये. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी वाद्यपूजन होऊन सराव सुरू होतो, नदीपात्रात संध्याकाळी कितीतरी पथकं वाजवत असतात. ढोलाचा भार कमरेला पेलेना तर ताशा, झांज किंवा ध्वज घे. 'तिथे सगळ्या कॉलेजच्या मुली' ही भीती काढून टाक. आमच्या पथकात चाळिशीच्या बऱ्याच जणी आहेत. सराव संपल्यावर घामाघूम होऊन सगळ्या मिळून वडापाव खातो ना, तेव्हाच्या गप्पांना तोड नाही.

सातारची_मावशी
भिशी काढ बाळा, पण नीट नियम लावून. दहा-बारा जणी, महिन्याला पाचशेच्या वर नाही. सोन्याची भिशी नको, रक्कम वाढली की रुसवेफुगवे आलेच. जिच्या घरी असेल तिने एकच पदार्थ करायचा हे पहिल्या दिवशी सांगून टाक. आमच्याकडे हा नियम नव्हता. एकीने पावभाजी केली, दुसरीने पावभाजी नि गुलाबजाम, तिसरीने छोले, पुलाव, श्रीखंड. मग चौथी म्हणाली, 'मला एवढं जमणार नाही', आणि तिने येणंच सोडलं. फार गुणी बाई होती. अजून हळहळ वाटते.

बोरिवली_जलद
मी मुंबईची, तरी लिहिते. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. पुढे मी कितीतरी वर्षं तिनेच गेले. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणी त्या डब्यातल्या. मटार सोलणं, हळदीकुंकू, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवणं, डोहाळजेवणंसुद्धा गाडीतच. आम्ही कोणी एका जातीच्या, भाषेच्या, वयाच्या नव्हतो. गाडी तीच आणि डबा तोच, एवढंच आमच्यात सारखं होतं.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी यावर अभ्यास केलाय, २०१८ मधला. ओळखीची बरी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, खरी मैत्री व्हायला ९० आणि जिवाभावाची व्हायला २०० च्या वर. तो आकडा वाचला तेव्हा डबा आठवला. जाऊन-येऊन रोज दोन तास म्हणजे महिन्याभरातच ५० तास! हाच हिशेब बाकीच्यांना लावून बघ. भिशी महिन्याला दोन तास, म्हणजे वर्षाचे २४. टेकडी आठवड्यातून तीन तास, वर्षाला दीडशेच्या घरात. पथकाचा सराव रोज दोन तास, म्हणजे दोन महिन्यांत शंभरच्या वर. भिशी मोडू नकोस, पण नुसत्या भिशीवर राहिलीस तर वाट बघून थकशील. आणि 'लोक माझ्याशी मैत्री करत नाहीत' असं मनात घेऊ नकोस. अजून तेवढे तास मिळालेले नाहीत, इतकंच.

धरमपेठवाली
बोरिवली_जलद, तुमचा हिशेब वाचून खूप बरं वाटलं. मला वाटत होतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. टेकडी नक्की. पथकाचं पुढच्या वर्षी बघते, संध्याकाळी मुलीचा अभ्यास असतो. एक अडचण आहे. ओळख झाली तरी पुढे कसं जायचं? 'नंबर देता का, भेटू या का' विचारायला संकोच वाटतो.

ताशेवाली
मुलीचा अभ्यास तिचे बाबा घेऊ शकतात की! आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळचे सात ते नऊ तुझे, हे घरात ठरवूनच टाक. आमच्यातल्या निम्म्या जणींचं घोडं तिथेच अडलं होतं.

रानजाई
'कॉफीला भेटू या' म्हटलं की समोरचीलाही अवघडल्यासारखं होतं, समोरासमोर बसून बोलायचं काय? त्यापेक्षा कामाला बोलव. 'मी शनिवारी तुळशीबागेत जातेय, साड्यांना फॉल-पिको करायचंय, येताय का?' किंवा 'मंडईतून लोणच्याच्या कैऱ्या आणायच्यात, तुमच्यासाठी आणू की बरोबर येता?' बाई कामाला पटकन हो म्हणते. दोन पिशव्या दोघींत धरून रिक्षा शोधताना जे बोलणं होतं ते टेकडीवर वर्षभर होत नाही. माझी आताची सगळ्यात जवळची मैत्रीण मला कैऱ्यांमुळे मिळाली. आणि मदत मागायला लाजू नकोस. 'दहा मिनिटं लेकीजवळ बसता का?' असं विचारलं की समोरचीला आपण परकं मानत नाही हे कळतं. मग तीही विचारते.

सातारची_मावशी
रानजाईचं अगदी खरं. शिवाय नवरात्र येतंय, सोसायटीत भोंडला ठेव. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, शेवटी खिरापत ओळखायची. खर्च काही नाही. गाणी येत नसली तरी चालतं, एखादी आजी इमारतीत असतेच, तिला पुढे कर. तुम्हा नागपूरकडच्यांचा भुलाबाईचा खेळ असतो, त्यातली दोन गाणी तू म्हण. सगळ्या विचारायला येतील.

धरमपेठवाली
मावशी, भुलाबाईची गाणी मला सगळी पाठ आहेत! आईला फोन करून उरलेल्या ओळी पक्क्या करते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना आजच विचारते.

रानजाई, तुम्ही टेकडीवर कुठल्या बाजूने चढता?

रानजाई
एआरएआयच्या (ती गाड्यांवर संशोधन करणारी संस्था) बाजूने, सकाळी सव्वासहाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पावसानंतर वाट निसरडी असते, चपला घालून येऊ नकोस. आणि 'अहो-जाहो' नको, 'रानजाई' अशी नुसती हाक मार, आम्ही सगळ्या वळून बघू.