अनुभव धागा : घरच्या संगणकाला विकतचा अँटिव्हायरस हवाच का?

माळरान
अँटिव्हायरसची मुदत संपत आली की येणारी लाल अक्षरांतली सूचना काल आईच्या लॅपटॉपवर झळकली आणि तिने घाबरून मला फोन केला. तिच्याशी बोलताना मला २६ एप्रिल १९९९ हा दिवस आठवला. मी नोकरीला होतो त्या कचेरीतले काही संगणक त्या सकाळी सुरूच झाले नाहीत. चेर्नोबिल या नावाने ओळखल्या गेलेल्या सीआयएच विषाणूने हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकला होता. एका यंत्राचे तर बायोसही (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) गेले आणि मदरबोर्डच बदलावा लागला. विंडोज ९८ मध्ये स्वतःचे असे संरक्षण नव्हतेच. त्यामुळे पुण्यात काटकर बंधूंनी संगणकदुरुस्तीच्या व्यवसायातून उभ्या केलेल्या क्विक हील या अँटिव्हायरसची सीडी विकत घेणे ही तेव्हा गरज होती.

आज मात्र विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजबरोबरच मिळतो आणि विंडोजच्या अपडेटबरोबर तोही अद्ययावत होत राहतो. आई बँकेचे व्यवहार, नातेवाइकांचे फोटो आणि भजनांचे व्हिडिओ यांपलीकडे जात नाही. तिने नूतनीकरणाचे पैसे भरू नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे. आपापले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

रमा_नाशिक
पूर्ण सहमत. नव्या लॅपटॉपबरोबर काही महिन्यांसाठी फुकट आलेला अँटिव्हायरस आमच्याकडे मुदत संपल्यावर नुसता सूचना देत बसला होता. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, म्हणून तो काढून टाकल्यावर डिफेंडर पुन्हा चालू झाला आहे ना, हे ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये जाऊन स्वतः पाहावे. स्वयंपाक गॅसवर आहे, बाकीचे नंतर लिहिते.

झेरॉक्सवाला
माझा अनुभव वेगळा आहे. तालुक्याच्या ठिकाणी माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. सातबारा, लग्नाचा बायोडेटा, महाविद्यालयाचा प्रकल्प अशा कामांसाठी दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह माझ्या संगणकाला लागत असतात. एका मुलीचा पेनड्राइव्ह उघडला, तर तिच्या सर्व फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो लहानसा बाण होता. प्रकल्प गेला असे समजून ती रडू लागली. मूळ फोल्डर केवळ लपवलेले होते, ते आम्ही परत दृश्य केले. मी वापरतो तो विकतचा अँटिव्हायरस पेनड्राइव्ह लावताक्षणी तपासणी करतो आणि अडचण आल्यास फोनवर मराठीत बोलणारा माणूस मिळतो. त्याचे पैसे मी आनंदाने भरतो.

केतकीबन
@झेरॉक्सवाला, दादा, ते फोल्डर परत कसे आणले, हे कृपया लिहाल का? माझ्या मुलाच्या पेनड्राइव्हची आज तीच अवस्था आहे.

झेरॉक्सवाला
ताई, त्या शॉर्टकटांवर अजिबात क्लिक करू नका. आधी पेनड्राइव्हची तपासणी करून घ्या आणि मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ॲट्रिब’ ही आज्ञा वापरून फोल्डर दृश्य करा. जमले नाही तर जवळच्या दुकानात जा, पाच मिनिटांचे काम आहे.

उरणकर
आमचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या जगभरच्या यंत्रणा बंद पाडल्या, तेव्हा न्हावा शेवा येथील तिचे टर्मिनलही ठप्प झाले आणि आमचे कंटेनर अडकून पडले. तो हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता. विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा त्याने पसरण्यासाठी वापर केला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. तेव्हापासून आमच्या कार्यालयात संगणकाचे अपडेट पुढे ढकलायला परवानगी नाही. आमच्याकडे विकतचा अँटिव्हायरस आहे, पण माझा विश्वास अपडेटवर आणि बॅकअपवर अधिक आहे.

शिंपला
बॅकअपचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माझ्या भाच्याच्या मित्राने महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत उतरवली. तिच्याबरोबरच्या सूचनांत पहिलीच ओळ ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी होती आणि त्याने तो बंद केला. रात्रीत सर्व फाइली कुलूपबंद झाल्या आणि त्यांच्या नावांना अनोळखी शेपटे जोडली गेली. फोल्डराफोल्डरांत ‘रीडमी’ची फाइल आली आणि तीत ९८० डॉलर, ७२ तासांच्या आत भरल्यास ४९०, अशी खंडणी मागितलेली होती. त्याच्या आजोबांचे स्कॅन केलेले जुने फोटो त्यांत होते, आणि ते इतरत्र कोठेही ठेवलेले नव्हते. मालकच दार उघडून देतो, तेव्हा फुकट काय आणि विकत काय, कोणताही पहारेकरी काय करणार?

माळरान
फार वाईट वाटले. डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय आहे. ती चालू केल्यास अनोळखी प्रोग्रॅमला आपल्या निवडक फोल्डरांत बदल करता येत नाहीत. ती सहसा बंदच असते, त्यामुळे अनेकांना तिची माहिती नसते.

निवृत्त_शिक्षक
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील एका सदस्यांच्या पडद्यावर ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश भोंग्यासह आला. फोनवरच्या माणसाने त्यांना दूरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर घ्यायला लावले आणि बँकेचे पान उघडायला सांगितले. ते सॉफ्टवेअर अधिकृतच होते, म्हणून अँटिव्हायरसने हरकत घेतली नाही. असे काही घडल्यास तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार करावी. तो क्रमांक आम्ही संघाच्या फलकावर लावला आहे.

खडकवासला
मी संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो. अँटिव्हायरसला यंत्रणेच्या अगदी गाभ्यात प्रवेश द्यावा लागतो, ही बाब ग्राहक विसरतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्याच वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल, अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून घरगुती वापरासाठी मी डिफेंडरच सुचवतो. रोजच्या कामासाठी सर्व अधिकार असलेल्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याऐवजी साधे खाते वापरावे, आणि वाचलेल्या पैशांत एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी.

देवराई
आमच्या छापखान्यात जुन्या मराठी फॉन्टच्या डोंगलसाठी (फॉन्ट चालायला संगणकाला जोडावी लागणारी किल्ली) विंडोज ७ चा एक संगणक अजून ठेवावा लागतो. त्याचे काय करावे?

खडकवासला
त्या विंडोजची सुरक्षा अपडेट बंद झालेली आहेत, त्यामुळे कोणताही अँटिव्हायरस ती उणीव भरून काढू शकत नाही. त्याचे इंटरनेट पूर्णपणे तोडावे आणि फाइली केवळ एका ठरावीक पेनड्राइव्हने, दुसऱ्या अद्ययावत संगणकावर तपासूनच न्याव्यात.