पाचवीच्या वर्गाला शेती शिकवायची आहे, जमीन नाही: १२ आठवड्यांत काय घ्यावं?

गच्चीवरचा_तास:
४० मुलं, आठवड्याला दोन तास, एकूण १२ आठवडे. विषय ‘अन्न कुठून येतं’. जागा म्हणजे गच्ची, तिथे थेट ऊन ५ तास. मागच्या खेपेला मुळ्याला पाला भरपूर आला आणि खाली शेपटीएवढं मूळ. शिवाय पाणी घालण्यापलीकडे मुलांना काम उरत नाही. पिकं कोणती निवडू? उरलेल्या वेळात काय करून घेऊ?

वाफा_आणि_सरी:
मुळा तसा होतो त्याची कारणं बहुधा तीन: दाटी, कमी ऊन, जास्त खत. मुलं चिमटीने बी टाकतात, एका जागी आठ-दहा पडतात आणि नंतर उपटायला कुणाचं मन होत नाही. विरळणी केलीच पाहिजे. दोन खरी पानं (उगवताना दिसणाऱ्या पहिल्या जोडीनंतरची) आली की लहान गोल मुळ्यात ५ सेंमी अंतर ठेवून बाकीची रोपं कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात. नत्र जास्त झालं की पालाच वाढतो, म्हणून दोन भाग मातीला एक भाग पूर्ण कुजलेलं खत पुरे. ताजं शेण अजिबात नको: मुळं जळतात आणि जंतूंचाही धोका.

पीक निवडताना शेवटच्या तासापासून मागे मोजत या. गोल मुळा २५-३० दिवस, पालक ४०-४५, झुडपी घेवडा ५५-६०. तिन्ही पहिल्याच आठवड्यात पेरा. म्हणजे काढणी एकामागून एक येते आणि मुळा फसला तर पुन्हा पेरायला वेळ उरतो. ५ तास ऊन पालकाला चालतं, घेवड्याला जेमतेम, म्हणून त्याच्या कुंड्या सर्वांत उजेडाच्या कडेला. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीनपटच खोल.

पाण्याची पाळी लावून द्या आणि नियम एकच: बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. ४० मुलांनी प्रेमाने घातलेल्या पाण्याने रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. आणि वजन विसरू नका. ६० × ३० × २० सेंमीचा क्रेट ओल्या मातीने भरला की ४० किलोच्या पुढे जातो. गच्चीच्या मधोमध रांग नको, खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे ठेवा.

दाणा_पारखी:
पहिल्या दोन तासांसाठी उगवण चाचणी घ्या. ओल्या कागदावर प्रत्येकी १० दाणे: गहू, मका, कच्चा शेंगदाणा, भाजलेला शेंगदाणा, पॉलिश केलेला तांदूळ, सोललेली डाळ. काय उगवेल ते मुलांनी आधी लिहून ठेवायचं. पुढच्या तासाला तांदूळ, डाळ आणि भाजलेला दाणा तसाच पडलेला दिसेल. तांदळाचा भ्रूण पॉलिश करताना निघून जातो, डाळीचा फाका होताना तुटतो, दाण्याचा भाजताना मरतो. आपण खातो ते बीच असतं, फक्त त्यातलं काही उगवायच्या लायकीचं उरलेलं नसतं, हे यापेक्षा सोप्या रीतीने कळणार नाही. कागद ओला हवा, पाण्यात बुडालेला नको. हवा न मिळाल्याने चांगलं बीही कुजतं.

गच्चीवरचा_तास:
घेवड्याचं बी गुलाबी रंगाचं मिळालंय, चालेल ना?

दाणा_पारखी:
मुलांच्या हातात देऊ नका. तो रंग बीजप्रक्रियेचा, म्हणजे बियाण्यावर औषध चोळलेलं आहे. प्रक्रिया न केलेलं मागा. आणि घेवड्याचे कच्चे, सुके दाणे कुणी तोंडात टाकणार नाही याकडे लक्ष ठेवा. थोडेसे खाल्ले तरी उलट्या होतात. शिजवताना आधी भिजवून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळ उकळावे लागतात.

ओंबी:
गहू १२ आठवड्यांत होणार नाही, तेव्हा वाळलेल्या ओंब्याच आणा, प्रत्येकी तीन. मळायचं, वाऱ्यावर उफणायचं, तोलायचं. १२० ओंब्यांचे साधारण दीडशे ग्रॅम दाणे निघतील. किती हात लागले ते मुलं स्वतः मोजतील. काम मोकळ्या हवेत करा, कुसळं डोळ्यांत जातात आणि दम्याच्या मुलांना भुसाचा त्रास होतो. मग गणित: एका चौरस मीटरला सुमारे १० ग्रॅम, म्हणजे अडीचशेच्या आसपास दाणे पेरतात. हेक्टरी साडेतीन टन आले तर त्या तुकड्यातून ३५० ग्रॅम. मोठ्या माणसाची एका दिवसाची भूकही तेवढ्यात भागत नाही. गच्चीवर खडूने तो चौरस आखून ठेवा, वर्षभर लागणाऱ्या जमिनीचा हिशेब तिथेच सुरू होतो.

दूध-अंड्यांसाठी एक तास पुरे. दोनच प्रश्न विचारा: वासरू झाल्याशिवाय गाय दूध देते का? कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी घालते का? (पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो.) बहुतेक वर्गात दोन्ही उलटी येतात, मोठ्यांचीसुद्धा.