पंचगंगेचा पूर : दोष अलमट्टीचा की आपल्या भरावांचा?

पंचगंगाकाठ : काल इथं एकानं ठासून लिहिलं, "कोल्हापूरचा महापूर म्हणजे अतिवृष्टी आणि कर्नाटकातलं अलमट्टी धरण. शहरातल्या बांधकामांचा काही संबंध नाही." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाऊस गगनबावडा-राधानगरीकडं पडतो, मान्य. पण तो आधीही पडायचाच की! आमच्या दाराच्या चौकटीवर वडिलांनी पेन्सिलीनं खुणा केल्यात. २००५ ची माझ्या कमरेला लागते, २०१९ ची छातीच्या वर. मधल्या काळात घरामागच्या सखल रानात रात्री डंपर यायला लागले. मुरूम, राडारोडा ओतून माणूसभर उंच भराव केला, वर प्लॉट पाडले. पूर्वी पाणी त्या रानात पसरायचं. आता आमच्या स्वयंपाकघरात मुक्काम करतं. तेही नदीकडून येत नाही, मोरीतून वर येतं. शहरातून पंचगंगेला मिळणारा जयंती नाला तुंबला की पाणी उलटं फिरतं. नदीकाठच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे ना? मग माझ्या खिडकीतून तीन इमारती कशा दिसतात?

ऊसवाला, शिरोळ : तुमचं पाणी लवकर उतरतं तरी. आमच्याकडं नृसिंहवाडीच्या संगमाखाली ते हलतच नाही. २०१९ ला माझा सव्वा एकर ऊस शेंड्यासकट बुडाला. शेंड्याच्या कोवळ्या पोंग्यात गाळ बसला की संपलं सगळं. अलमट्टीतून वेळेत पाणी सोडलं असतं तर ही पाळी आली नसती. भराव कसले सांगताय आम्हाला?

जलमापक : २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला जबाबदार धरलेलं नाही.

ऊसवाला, शिरोळ : समितीला आधी आमच्या बांधावर आणा! गळ्याएवढ्या पाण्यातनं म्हैस बाहेर काढलीय का कधी?

जलमापक : काढलीय. चिखली गावात, २०१९ लाच. दावं कापायला विळा सापडत नव्हता, शेवटी दातानं गाठ सोडवली. त्यामुळं मला हे शिकवू नका. शिरोळला अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणारं पाणी, लागतो की नाही यावर हवं तेवढं भांडू. पण कोल्हापुरात नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४३. एवढी तफावत पार कर्नाटकातल्या धरणावर कशी ढकलता?

ऊसवाला, शिरोळ : म्हणजे आमचं नुकसान खोटं?

जलमापक : असं कुठं म्हणालो मी?

हप्तेवाला : मी त्याच तीन इमारतींपैकी एकीत राहतो. घेताना बिल्डरनं "सगळ्या परवानग्या आहेत" म्हणून शिक्के दाखवले. पूररेषेचा नकाशा मी २०२१ ला पार्किंगमधली गाडी बुडाल्यावर पहिल्यांदा बघितला. माझं निम्मं कर्ज अजून बाकी आहे. आम्हाला गुन्हेगार ठरवून काय मिळणार? शिरोलीजवळ महामार्गाचा भराव नदीला बांधासारखा आडवा पडलाय, त्यावर कुणी बोलत नाही. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा तिथंच महामार्ग बंद पडला.

पंचगंगाकाठ : तुमच्यावर राग नाही, परवानगी देणाऱ्यावर आहे. शिरोलीचं बरोबर आहे. मी ते लिहायला हवं होतं. तिथं भरावाऐवजी खांबांवरचा पूल पाहिजे. आणखी एक कबूल करतो, मनाविरुद्ध का होईना : एवढ्या मोठ्या पुरात शहरातल्या काँक्रीटवरून वाहिलेलं पाणी थोडंच असतं. खरी अडचण पाण्याची पसरायची जागा गेली ही आहे. पण ती जागा तुमच्या इमारतीखालीच आहे, त्याचं काय करायचं?

हप्तेवाला : मग मी कुठं जाऊ ते सांगा.

ऊसवाला, शिरोळ : खांबांच्या पुलाचं पटलं. अलमट्टीचं नाही, आणि पटणारही नाही.

बापट कॅम्प : तुमचं चालू दे. २०१९ ला गणपती महिन्यावर आलेले, निम्म्या मूर्ती पाण्यात गेल्या. हातात सोंड तेवढी उरलेली. आता बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी, झाली की रात्र असो की दिवस, मी मूर्ती माळ्यावर चढवायला घेतो. ४३ ची वाट बघत नाही.