केळी खाऊन मुलगा?
कुणीतरी लिहिलंय ना की खारट आणि केळी खाल्ली की मुलगा होतो, अहो मग आमच्या सोलापुरात घरोघरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी, इथं सगळे मुलगेच व्हायला पायजे होते :) ज्या संशोधनावरनं हे जास्त पसरलं ते २००८ चं, ब्रिटनमधलं, ७४० बायकांचं. गर्भ राहायच्या सुमारास जास्त कॅलरी खाणाऱ्यांत ५६ टक्के मुलगे, कमी खाणाऱ्यांत ४५. पण त्यात तपासले तसे शंभरावर पदार्थ तपासले की एखादा योगायोगानं जुळणारच, अशी टीका पुढच्याच वर्षी झाली. बाकी मुलगी की मुलगा, म्हणजे एक्स की वाय गुणसूत्र, हे बापाच्या शुक्राणूवर. आमच्या जाऊबाईंना पाचव्या महिन्यात सासूबाई रोज दोन केळी सोलून हातात द्यायच्या, तोवर ते कधीच ठरलेलं असतं! त्यापेक्षा लोहाच्या गोळ्या वेळेवर द्या म्हणावं.