मदत हवी आहे: पुजारी मेलेल्याला उठवतात, मग खुनाचं रहस्य टिकवायचं कसं?

मंडळी, डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन खेळायचा कथाखेळ) पाचव्या आवृत्तीसाठी (२०१४ चे नियम) एक धर्म रचतोय. देवी खाजणाई, भरती-ओहोटी आणि मिठाची. मीठ हातात घेऊन घेतलेली शपथ मोडली की माणूस वाळीत. पुजाऱ्यांच्या पाळ्या आपल्याकडच्या गुरवांसारख्या घराण्यांत वाटलेल्या. त्यावरून भांडणं, म्हणजे कथानक आपोआप.

अडतंय ते स्पेल्सपाशी, म्हणजे जादूच्या मंत्रांपाशी. पाचव्या लेव्हलचा क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र वापरणारा पुजारी) ‘स्पीक विथ डेड’ने प्रेताला पाच प्रश्न विचारतो. नवव्या लेव्हलला ‘रेझ डेड’ने मेलेल्याला उठवतो: मृत्यूला १० दिवस होईपर्यंत, ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा खर्चून. असे पुजारी गावोगाव असले तर श्रीमंत मरणारच नाहीत, खुनी लगेच सापडेल.

सध्याचा तोडगा: बहुतेक पुजारी स्पेलविना, फक्त विधी करणारे; खरा क्लेरिक मोठ्या बंदरातच. हिऱ्यांवर देवळाची मक्तेदारी. पण मग खेळाडूंच्या क्लेरिकलाही हिरा मिळत नाही, आणि तो रुसतो (रास्तच आहे). खुन्याने प्रेताचा जबडा तोडला की प्रश्न विचारणं बंद, पण दर वेळी तेच केलं तर खेळाडू ओळखतील.

स्पेल न बदलता, धर्माच्याच नियमातून अडसर कसा घालावा? ‘ओहोटीत मेलेला देवीचा, त्याला उठवणं पाप’ हे पुरेल का? पाप केल्यास शिक्षा कोणी द्यावी, देवीने की घराण्यांनी?