माया पोथी आधी कोणासमोर उलगडायची?

सुमेधा_क
जर्मनीत ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात एक माया पोथी आहे, म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालातल्या माया लोकांची जुनी पोथी. १७३९ साली व्हिएन्नात घेतलेली. झाडाच्या सालीचा कागद, वर चुन्याचा लेप. घड्या उलगडल्या की साडेतीन मीटर लांब. तिची पानं जालावर फुकट बघता येतात, पण दिसणं म्हणजे कळणं नव्हे. माझं मत: ती माया भाषा बोलणाऱ्यांना त्यांच्याच भाषेत समजावून द्यावी, स्पॅनिशमध्ये नाही. १५६२ मध्ये मेक्सिकोतल्या युकातानच्या मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्यांची होळी केली. आज जगात चारच उरल्यात. ज्यांचं जळलं त्यांनी उरलेलंही परक्या तोंडून ऐकायचं?

दत्ता_पां
कळकळ पोचली, मुद्दा पटला नाही. "त्यांची भाषा" म्हणजे कुठली? माया भाषा तीसच्या आसपास आहेत. ग्वाटेमालातल्या किचे भाषकाला युकातानातली युकातेक कळत नाही. आणि ती लिपी घराण्यात चालत आलेली नाही, मधे काही शतकं तुटली. स्पॅनिश निदान सगळ्यांत जास्त लोकांपर्यंत पोचेल.

सुमेधा_क
लिपी तुटली, गणना नाही तुटली! ग्वाटेमालातल्या मोमोस्तेनांगो गावात २६० दिवसांचं चक्र आजही मोजतात, आणि पोथीतली कितीतरी पंचांगं त्याच चक्रावर आहेत. मृत्यूचा दिवस युकातेकमध्ये 'किमी', किचेत 'कामे'. इतकं जवळचं आहे. एक टिंब म्हणजे एक, एक आडवी रेघ म्हणजे पाच. एवढं सांगून ते पान दिवस मोजणाऱ्या जाणत्यापुढे ठेवा आणि आपण गप्प बसा. आपल्याला न सुचलेलं तो सांगेल.

मीनल
मला दोघांचंही पटत नाही. बाहेरून कोणी "समजावून" देणार म्हटलं की एक दिवसाचा समारंभ होतो, हारतुरे, फोटो, संपलं. ग्वाटेमालात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून माया शिक्षक कार्यशाळांतून ही लिपी शिकताहेत. शाळाशाळांत चांगल्या छापील प्रती द्या. कुठल्या भाषेत शिकवायचं ते तेच ठरवतील.

दत्ता_पां
प्रतींना माझा विरोध नाहीच. पण पोथीतलं शुक्राचं कोष्टक घ्या: ५८४ दिवसांचा फेरा, असे पाच म्हणजे २९२० दिवस, ३६५ दिवसांची बरोबर आठ वर्षं. हे मांडायला नवे शब्द घडवावे लागतील आणि ते कोणालाच कळणार नाहीत.

सुमेधा_क
नवे कशाला? त्याच पोथीत शुक्राचं नाव लिहिलेलं आहे: 'चाक एक', मोठा तारा. इथे 'एक' म्हणजे तारा, आपला आकडा नव्हे; हा शब्द युकातानात आजही बोलतात. सुरुवात तिथूनच करा.