पंपावर सीआरपी निम्मा, आयएल-६ जागच्या जागी, सी३ए मात्र आधीपासूनच भरमसाट

थेंबथेंब: सीएबीजीच्या (हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या) रुग्णांमध्ये दाहाचे मार्कर मोजतोय: सीआरपी (दाहात वाढणारं प्रथिन), आयएल-६ (पेशींचा दाहाचा संदेश) आणि सी३ए (कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली रोगप्रतिकारक प्रथिनं, सक्रिय झाल्यावर सुटणारा तुकडा). आर्टिरियल लाइनमधून (धमनीतल्या नळीतून), लाल झाकणाच्या (रक्त गोठू देऊन सीरम काढायच्या) ट्यूबमध्ये चार सॅम्पल: भूल देण्याआधी, पंप (हृदय-फुफ्फुस यंत्र) सुरू झाल्यावर ३० मिनिटांनी, क्रॉस क्लॅम्प (महाधमनी बंद ठेवणारा चिमटा) काढल्यावर ५ मिनिटांनी आणि आयसीयूत पोचताच. पंपावर सीआरपी जवळजवळ निम्म्यावर येतो, आयएल-६ जेमतेम हलतं, आणि सी३ए पहिल्याच सॅम्पलमध्ये प्रचंड. चुकतंय कुठे?

लॅबकट्टा: लाल झाकण आधी बंद करा. रक्त गोठताना कॉम्प्लिमेंट ट्यूबमध्येच सक्रिय होतं. तुमचा सी३ए रुग्णाचा नाही, ट्यूबचा आहे. पंपावर अडचण उलटी: हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) ३००–४०० युनिट प्रति किलो दिलेलं, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर, त्यामुळे रक्त धड गोठतच नाही. फिरवल्यानंतर सीरममध्ये फायब्रिनचे धागे तरंगतात आणि मशीनची सुई त्यातच अडकते.

जांभळ्या झाकणाची ईडीटीए (गोठणं रोखणारं रसायन असलेली) ट्यूब घ्या. लाइनमधलं पहिलं ५ मिली रक्त सॅम्पलमध्ये येऊ देऊ नका. ट्यूब ८–१० वेळा हळू उलटीसुलटी करून थेट बर्फात, अर्ध्या तासात थंड सेंट्रिफ्यूजमध्ये. बाहेर पडून राहिलेल्या रक्तातल्या पेशी साइटोकाइन (आयएल-६सारखी संदेश देणारी प्रथिनं) सोडत राहतात. प्लाझ्मा ओढताना पांढऱ्या थराच्या थोडं वरच थांबा, लोभ नको. छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा; एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर तशी नोंद हवीच, पंपावर सक्शनमुळे रक्तपेशी फुटतात.

क्लॅम्पऑफ: सीआरपी निम्मा होतो तो पातळ झाल्यामुळे. सर्किटच्या प्राइममध्येच (पंपाच्या नळ्यांत आधी भरलेला द्रव) १२०० ते १५०० मिली द्रव असतो, वर कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवणारं द्रावण). आयएल-६ वाढतही असेल, पण ती वाढ त्या पाण्यात बुडते.

दुरुस्ती करताना बरेच जण नुसतं हिमॅटोक्रिटचं (रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीचं) गुणोत्तर लावतात. ४२ वरून २८ वर आला की १.५ने गुणायचं. हे संपूर्ण रक्ताचं गुणोत्तर झालं, तुम्ही मोजताय प्लाझ्मात! १०० भाग रक्तात ४२ पेशी, ५८ प्लाझ्मा. पेशी तेवढ्याच राहून हिमॅटोक्रिट २८ झाला म्हणजे रक्त १५० भाग, त्यात प्लाझ्मा १०८. गुणक १०८ भागिले ५८, म्हणजे १.८६. तुमचा निम्मा सीआरपी इथेच जुळतो.

रक्ताची पिशवी चढवली किंवा बरंच रक्त गेलं की हे गणित मोडतं. मग अल्ब्युमिनच्या (प्लाझ्मातल्या मुख्य प्रथिनाच्या) गुणोत्तरावर या, अर्थात प्राइममध्ये अल्ब्युमिन किंवा एफएफपी (गोठवलेला ताजा प्लाझ्मा) नसेल तरच.

सहावातास: वेळाही बदला. आयएल-६चं शिखर पंप बंद झाल्यानंतरच्या काही तासांत येतं, साधारण २ ते ६. आयसीयूत पोचताच थांबलात तर ते सुटतं. सीआरपी यकृतात आयएल-६च्या हुकमावर तयार होतो, म्हणून मागून येतो: ६–१२ तासांनी चढू लागतो, शिखर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पंपावर तो मोजून हाती काही लागत नाही. सी३ए मात्र पंप सुरू होताच वाढतो. प्रोटामिननंतर (हेपारिनचा परिणाम उतरवणारं औषध) पुन्हा उसळी येते, कारण हेपारिन-प्रोटामिनची जोडी स्वतःच कॉम्प्लिमेंट पेटवते. तेव्हा प्रोटामिननंतर १० मिनिटं, मग ४, २४, ४८ आणि ७२ तास अशी सॅम्पल वाढवा.

भुलीच्या वेळी स्टेरॉइड दिलं होतं का, हे प्रत्येक फॉर्मवर लिहा. आयएल-६ त्याने दबतं. पण आकडा दबला म्हणजे रुग्णाचं भलं झालं असा निष्कर्ष प्रबंधात काढू नका. २०१५च्या ‘सर्स’ चाचणीत, साडेसात हजार रुग्णांत, मिथिलप्रेडनिसोलोनने मृत्यू कमी झाले नाहीत.

थेंबथेंब: गुणकाचं लक्षातच आलं नव्हतं. काही केसेसमध्ये पंपावर हिमोफिल्टरही (रक्तातलं जादा पाणी गाळून काढणारा) लावला होता. त्या धरायच्या का?

क्लॅम्पऑफ: वेगळ्या गटात ठेवा. फिल्टरमधून सी३ए आणि काही प्रमाणात आयएल-६ निघून जातं. सीआरपीचा रेणू मोठा, तो आतच राहून उलट घट्ट होतो. काढलेलं पाणी किती मिली, ते परफ्यूजन चार्टवर (पंप चालवणाऱ्याच्या नोंदीत) मिळेल.